अपार्टमेंटमध्ये सेन्सर बसवताना: पैसे कुठे फिटतात, कुठे फिटत नाहीत

बेळगाव, निपाणी, खानापूर, कुठल्याही अपार्टमेंटच्या सभेत पाणी, दिवे, गॅस यांच्या सेन्सरचा विषय निघाला की पहिला प्रश्न एकच असतो: पैसे किती दिवसांत फिटतात? त्याचं उत्तर तुमच्याच कपाटात आहे. कॉमन मीटरची १२ महिन्यांची लाईट बिलं, टँकरच्या पावत्या आणि मोटर दुरुस्तीची बिलं एका जागी आणा. हे तीन गठ्ठे जुळल्याशिवाय कोटेशन मागवू नका.

लाईट बिल वाचताना एक चूक हमखास होते. एकूण रकमेला युनिटने भागून दर काढला जातो. इथल्या वीज कंपनीच्या, म्हणजे हेस्कॉमच्या, बिलात ‘निगदित शुल्क’, म्हणजे स्थिर आकार, मंजूर भाराच्या किलोवॅटवर लागतो. सेन्सरने वापर निम्मा झाला तरी हा आकार तसाच राहतो. बचतीचा हिशेब फक्त युनिटमागे लागणाऱ्या रकमेवर आणि तिच्यावरच्या करावर करा. पुढच्या उदाहरणांत हिशेबासाठी युनिटला ७ रुपये धरले आहेत. तुम्ही तुमच्या बिलावरचा आकडा घाला.

मग वाचमनला एक वही द्या. मोटर चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ, टाकी भरून वाहिली का, टँकर आला का, एवढंच महिनाभर लिहून ठेवायचं. सोबत रात्रीची एक चाचणी करा, तिला खर्च शून्य. रात्री ११ वाजता गच्चीवरच्या टाकीत पट्टी बुडवून पातळी मोजा, पहाटे ५ ला पुन्हा मोजा. टाकी ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद असेल तर १ सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर. पातळी ८ सेंटिमीटर उतरली तर ६ तासांत ४८० लिटर गेले. त्यातलं थोडं लोकांनी वापरलेलं असतं. दुसऱ्या रात्री टाकीखालचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून तेच करा. तरीही पातळी उतरली तर टाकीच गळते किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. उतरली नाही तर गळती पाइपात नाहीतर फ्लॅटमधल्या फ्लशमध्ये आहे. बाटलीभर, म्हणजे १ लिटर, पाणी ५ मिनिटांत गळणारा एक फ्लश दिवसाला २८८ लिटर घालवतो. तिथे सेन्सरची गरज नाही, प्लंबरची आहे.

आता पाण्याचा खरा हिशेब. तोच सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त फुगवून सांगितला जाणारा आहे.

समजा २ एचपीची मोटर संपातून, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतून, २० मीटर वर मिनिटाला १५० लिटर चढवते. टाकी भरून २० मिनिटं वाहिली तर ३,००० लिटर गेले. एका दिवसाआड असं होत असेल तर महिन्याला ४५,००० लिटर. आकडा ऐकून सभा लगेच हो म्हणते. पण १,००० लिटर संपातून गच्चीवर न्यायला जेमतेम ०.२ युनिट लागतं. तेच पाणी आधी १०० मीटर खोल बोअरमधून आलेलं असेल तर आणखी पाऊण-एक युनिट धरा. म्हणजे ४५,००० लिटरची वीज ४५ ते ५५ युनिट, रुपयांत ३१५ ते ३८५. एवढीच.

टँकर चालू असतो तेव्हा मात्र गणित पालटतं. ५,००० लिटरचा टँकर धरला तर तेच ४५,००० लिटर म्हणजे ९ टँकर. म्हणून वार्षिक बचत काढताना टँकरची रक्कम फक्त टँकरच्या महिन्यांनी गुणा, १२ ने नाही. राकसकोप आणि हिडकलच्या पाण्यावर असलेल्या बेळगाव शहरातही चोवीस तास नळ असलेल्या वॉर्डांचा हिशेब वेगळा आणि काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गल्ल्यांचा वेगळा. खानापूरच्या बाजूला टँकरचा महिना एखादाच निघेल. अथणी-रायबागकडे पाऊसच कमी, तिथे उन्हाळ्यातले महिने जास्त धरावे लागतील. तुमच्या पावत्या मोजा, शेजारच्या इमारतीच्या नकोत.

आमच्या मते पाण्याच्या सेन्सरचा पैसा मुख्यतः मोटर वाचवण्यात फिटतो. संप रिकामा झाला किंवा बोअरचं पाणी खाली गेलं आणि मोटर कोरडी चालली, की सील जातं, मग वाइंडिंग जळतं. बोअरची मोटर वर काढणं, रिवाइंडिंग, केबलचा जोड, पुन्हा सोडणं आणि तेवढे दिवस टँकर, हे सगळं जुन्या बिलांतून बेरीज करून बघा. तीन वर्षांत दोनदा मोटर जळलेल्या इमारतीला कंट्रोलर, म्हणजे पातळी पाहून मोटर चालू-बंद करणारी पेटी, घेताना दुसरं कारण शोधावं लागत नाही.

बसवताना चार जागा पाहायच्या: गच्चीच्या टाकीत वरची आणि खालची पातळी, संपात खालची पातळी, आणि बोअरच्या पॅनेलमध्ये ड्राय रन संरक्षण, म्हणजे मोटर कोरडी चालू न देणारी सोय. संपातली खालची पातळी फूट व्हॉल्व्हच्या (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तळाचा व्हॉल्व्ह) किमान ३० सेंटिमीटर वर ठेवा, नाहीतर भोवऱ्यातून हवा ओढली जाते. गच्चीवर मोटर चालू होण्याची पातळी अर्ध्या टाकीवर असू द्या. ‘भरली’ची खूण आणि ‘चालू’ची खूण दहा-पंधरा सेंटिमीटरवर ठेवली तर मोटर दर थोड्या वेळाने चालू-बंद होते आणि कपॅसिटर आणि कॉन्टॅक्टर (मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) दोन्ही जातात.

फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण मोटरचा पूर्ण करंट त्यातून नेऊ नका. फ्लोटने कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची, मोटर कॉन्टॅक्टरने. स्टीलच्या प्रोबचे, म्हणजे पाण्यात सोडायच्या सळईचे, कंट्रोलर घ्यायचे तर प्रोबला एसी देणारे घ्या. डीसी सोडला की प्रोब झिजतो. बोअरचं पाणी जड असेल तर प्रोबवर क्षार चढतात आणि टाकी रिकामी असताना ती भरल्याचं दाखवलं जातं, किंवा उलटं. टाकी धुताना प्रोबही ब्रशने घासायला सांगा. अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाजाच्या लहरींनी अंतर मोजतो, पाण्याला लागत नाही, पण त्याच्या तोंडापासून साधारण २५ सेंटिमीटरपर्यंतचं अंतर त्याला कळत नाही. म्हणून तो भरलेल्या पातळीच्या तेवढा वर बसवावा लागतो. झाकणाखाली वाफेचे थेंब जमले की त्याचंही मोजमाप चुकतं.

बोअरला आत प्रोब सोडण्यापेक्षा करंटवर चालणारा रिले बरा. पाणी संपलं की मोटरवरचा भार उतरतो आणि करंट कमी होतो, हे तो ओळखतो. चालू मोटरचा करंट क्लँप मीटरने सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा मोजा. तो १० अँपिअर असेल तर कटऑफ ७ ते ७.५ वर लावा. एकाच वेळी मोजून लावला तर व्होल्टेज बदलल्यावर मोटर उगाच ट्रिप होते, वाचमन वैतागून रिले बायपास करतो आणि पुढच्या उन्हाळ्यात मोटर जळते. पुन्हा चालू होण्याआधीची थांबण्याची वेळ बोअरला पाणी यायला लागणाऱ्या वेळेवर ठेवा. अर्ध्या तासापासून सुरुवात करा.

वायर की वायरलेस? संपापासून गच्चीपर्यंत डक्ट मोकळी असेल तर वायरच. घरचं वायफाय चार स्लॅब ओलांडून जाईल या भरवशावर राहू नका. वायर नेणं शक्यच नसेल तर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात चालणारी लोरा (लांब पल्ल्याची रेडिओ) उपकरणं घ्या. इंटरनेट गेलं तरी मोटर बंद करण्याचा निर्णय पॅनेलमध्येच झाला पाहिजे. ॲपवर दिसणं ही सोय आहे, संरक्षण नाही. सिमचं आणि ॲपचं वार्षिक भाडं असेल तर ५ वर्षांचं एकदम खर्चात धरा. वळवाच्या विजांमुळे गच्चीवरची उपकरणं जातात, म्हणून पॅनेलला चांगलं अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर हवाच. हाताने चालवायचा स्विच ठेवाच, पण त्याची किल्ली एकाकडे.

जिन्यातल्या दिव्यांचा हिशेब सोपा आहे. २० वॅटच्या १२ एलईडी ट्यूब रात्री ११ तास जळल्या तर दिवसाला २.६४ युनिट, महिन्याला ७९. मोशन सेन्सरने त्या सरासरी २ तास जळल्या तर १४ ते १५ युनिट. वाचले ६५ युनिट, साधारण ४५५ रुपये. सेन्सर आणि वायरमनची मजुरी मिळून ६,००० झाली तर १३-१४ महिन्यांत फिटले. पण तिथे ९ वॅटचे बल्ब असतील तर बचत महिन्याला २०० रुपयांच्या आसपास, आणि फिटायला अडीच वर्षं. चोकच्या जुन्या ४० वॅटच्या ट्यूब असतील तर आधी त्या बदला. सेन्सरचा विचार नंतर. सेन्सरसमोरून माणूस आडवा जाईल असा बसवा. सरळ त्याच्याकडे येणारा माणूस उशिरा पकडला जातो. वेळ ६० ते ९० सेकंद. आजी-आजोबा जिना वापरत असतील तर प्रत्येक मजल्यावर एक दिवा सेन्सरशिवाय कायम राहू द्या. तेवढ्या युनिटांसाठी कुणाचं हाड मोडू नये.

लिफ्टच्या खड्ड्यातला पाण्याचा सेन्सर मात्र इथल्या पावसाळ्यात नक्की घ्या. खड्ड्यात पाणी आलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर जाऊन थांबेल अशी जोडणी लिफ्टच्या कंपनीकडूनच करून घ्या, दुसऱ्या वायरमनला तिथे हात लावू देऊ नका.

फ्लॅटनिहाय पाण्याचे मीटर सगळ्यांना हवेसे वाटतात. जुन्या इमारतीत एका फ्लॅटला स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास अशा तीन-चार वेगळ्या लाइन गच्चीवरून उतरतात. म्हणजे १६ फ्लॅटना ५० ते ६० मीटर. त्याऐवजी टाकीच्या प्रत्येक मुख्य लाइनवर एक पल्स मीटर, म्हणजे वाहिलेल्या पाण्याची नोंद सिग्नलने पाठवणारा मीटर, लावा. रात्री २ ते ४ मध्ये कुठल्या लाइनला पाणी वाहतं ते कळलं की गळती शोधायचं अर्धं काम झालं.

गॅस डिटेक्टरला परतफेडीचं गणित लावूच नका, तो जिवासाठी आहे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर. पाइपचा गॅस हलका, म्हणून छताखाली तेवढ्याच अंतरावर. सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेतलेल्या घरात डिटेक्टर खालीच राहिला तर त्याचा उपयोग नाही.

पैसे देताना सगळी रक्कम एकदम देऊ नका. १० ते १५ टक्के एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा संपेपर्यंत राखून ठेवा, आणि तसं कोटेशनवरच लिहून घ्या. वाचमनची वही मात्र सेन्सर बसल्यावरही आणखी ३ महिने चालू ठेवा. आधीच्या आणि नंतरच्या पानांतला फरक सभेत सगळ्यांसमोर वाचता येतो.