रानभाजी महोत्सव भरवताय? मग आमच्या हातून झालेल्या या चुका टाळा

पाऊस पडला की आता गावोगावी, सोसायट्यांमध्ये, शाळांमध्ये रानभाजी महोत्सव भरायला लागलेत. कृषी विभाग पण ९ ऑगस्टच्या म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या आसपास तालुक्याच्या, जिल्ह्याच्या ठिकाणी भरवतो. मला याचा खूप आनंद आहे, कारण आठ-दहा वर्षांच्या पोरांना टाकळा म्हणजे काय ते माहीत नसायचं, ती पोरं आता आईचा हात ओढून "आई ही घे ना" म्हणतात. आम्ही काही जण मिळून मुरबाडच्या बाजूला एका शाळेच्या पटांगणात असा छोटासा महोत्सव भरवतो, कल्याण-बदलापूरहून घरंच्या घरं येतात, आणि आजूबाजूच्या पाड्यांवरून ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायका भाज्या घेऊन येतात.

चुका भरपूर झाल्या. आणि मागे वळून बघितलं तर बहुतेक सगळ्या एकाच कारणाने झाल्या, आम्ही सगळं बघायला येणाऱ्यांच्या सोयीने ठरवलं आणि जी बाई पहाटे रानात जाऊन भाजी खुडून आणणार तिला आधी काही विचारलंच नाही. म्हणून तुम्ही नवीन करत असाल तर हे वाचा, थोडं लांबलंय पण कामाचं आहे.

तारीख कॅलेंडर बघून ठरवली

पहिल्या वर्षी आम्ही १५ ऑगस्टची सुट्टी धरून तारीख ठरवली, सगळ्यांना सोयीची. पत्रकावर मोठ्ठं छापलं, शेवळं, टाकळा, फोडशी, कंटोळी. आणि मग पाड्यावर सांगायला गेलो तर एक आजी म्हणाली, "आता कुठली शेवळं बाय, ती तर कवाच गेली." बरोबरच होतं तिचं. शेवळं, म्हणजे रानसुरणाचे कोवळे फुलोरे, येतात पहिल्या पावसाच्या तोंडावर, मे अखेर ते जून, जेमतेम काही आठवडे, की संपली. टाकळा जूनमध्ये दोन-चार पानांचा असतो तेव्हा खायचा, फुलावर आला की निबर आणि कडू. फोडशी, भारंगीचा कोवळा पाला हे पण सुरुवातीच्या पावसातलं. कंटोळी म्हणाल तर जुलैपासून पुढे, बांबूचे कोंब मधल्या पावसात, आणि चाईचे तर कोवळे कोंब आधी येतात नि मोहोर नंतर, म्हणजे एकाच वेलाच्या दोन वेगळ्या भाज्या दोन वेगळ्या महिन्यांत.

तर आधी पाड्यावर जा, "तुमच्याकडे कधी काय निघतं" एवढंच विचारा आणि मग तारीख धरा. एका दिवसात सगळ्या भाज्या दाखवायचा हट्ट सोडा, जमलं तर जूनमध्ये एक छोटा आणि ऑगस्टमध्ये एक असे दोन करा. आणखी एक, श्रावण लागला की बऱ्याच घरांत सुकट-कोलंबी बंद, त्यामुळे शेवळं-कोलंबी, वास्ते (बांबूचे कोंब) आणि सुकट असलं काही ताटात ठेवणार असाल तर ते श्रावणाआधीच उरकायला हवं. आणि उशिराची तारीख हवीच असेल तर ऋषिपंचमीच्या आधीचा रविवार फार छान, कारण ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून ऋषीच्या भाजीसाठी लोक तसेही भाज्या शोधतच असतात, बाईचा माल हातोहात जातो.

बायकांच्या पैशाचा विचार शेवटी केला

हे मला सगळ्यात जास्त लागलेलं आहे म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही स्टॉल फुकट दिला होता आणि आम्हाला वाटलं आपण फार केलं. पण त्या बाईचा त्या दिवसाचा हिशोब बघा, पहाटे रानात जायचं, भाजी निवडायची, जुड्या बांधायच्या, टमटमने यायचं, दिवसभर बसायचं, आणि पाऊस आला आणि गिऱ्हाईक नाही आलं तर पाटी तशीच घेऊन परत जायचं, पालेभाजी दुसऱ्या दिवशी कोण घेणार. एरवी ती कल्याण स्टेशनबाहेर बसली असती तर दुपारपर्यंत सगळं विकून घरी गेली असती, म्हणजे आमच्याकडे येऊन तिचं नुकसानच झालं.

त्यानंतर आम्ही ठरवलं की जाण्यायेण्याचं भाडं समितीने द्यायचं, दुपारचं जेवण द्यायचं, आणि ४ वाजता जो माल उरेल तो समितीने ठरलेल्या भावाने उचलायचा. घाबरू नका, उरत फार नाही, पण बाईला ती खात्री असली की ती पुढच्या वर्षी स्वतःहून चार जणींना घेऊन येते.

भाव पण तिलाच ठरवू द्या. किलोचा काटा नको, वाटा आणि जुडी हेच माप तिच्या हाताला आहे. प्रवेशाच्या ठिकाणीच मोठी पाटी लावा की इथे घासाघीस करू नका. दहा रुपयांच्या जुडीसाठी लोक भाव करतात आणि बाहेर चहाला वीस रुपये देतात, मला ते बघवत नाही. ऑनलाइन पैशाचं म्हणाल तर बऱ्याच जणींकडे क्यूआर कोड नसतो, असला तर तो मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खात्याचा असतो, आणि आमच्या पटांगणात नेटवर्क जातंच. म्हणून गेटवर एक टेबल टाकून सुट्टे पैसे द्यायची सोय करा, दहा आणि वीसच्या नोटा आधीच बँकेतून आणून ठेवा. हे एवढंसं काम केलं तरी विक्री चांगली वाढते.

पाट्या चुकीच्या, नाहीतर पाट्याच नाहीत

एकाच भाजीला चार नावं असतात. फोडशीला कोणी कुलू म्हणतं, टाकळ्याला विदर्भात तरोटा, कंटोळीला कर्टोली आणि काटवल. येणारा माणूस आपल्या आजीच्या तोंडचं नाव शोधत असतो, ते पाटीवर दिसलं नाही तर तो समोर भाजी असून विचारतो "ती आमच्याकडची नाही का आणली?" म्हणून पाटीवर सगळी नावं लिहा, कुठला भाग खायचा ते लिहा, आणि ज्या बाईने आणली तिच्या पाड्याचं नावही लिहा, तिला विचारून.

आणि कृपा करून "मधुमेह बरा होतो", "मुतखडा विरघळतो" असलं काही लिहू नका. आमच्याकडे एका उत्साही कार्यकर्त्याने इंटरनेटवरून काढून तसे बोर्ड लावले होते आणि एक काका गोळ्या बंद करून हेच खाऊ का असं विचारायला आले तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. उलट ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी घोळ, काटेमाठ अशा भाज्या जपूनच खायला हव्यात कारण त्यांत ऑक्झॅलेट जास्त असतं. भाजी चवीची आहे, बिनफवारणीची आहे, मोसमातली आहे, एवढं पुरेसं आहे की.

भाजी विकली पण करायची कशी ते सांगितलंच नाही

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. घसा खवखवतोय, कडू झाली, पोरांनी थुंकली. तेव्हा हे ऐका आणि शक्य तर छापून प्रत्येक जुडीबरोबर द्या.

घशाला खाज आली असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा शेवळं नाहीतर अळू-तेरीचा प्रकार असतो. यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात ते टोचतात. शेवळं साफ करताना आतल्या दांड्याचा खालचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचाच असतो, नवीन माणूस तो ठेवतो आणि तिथेच फसतो. हाताला तेल लावून चिरा. मग आंबट हवंच, आमच्याकडे काकडं घालतात, ती छोटी हिरवी आंबट-तुरट फळं शेवळांबरोबरच बाजारात येतात, ती वाटून त्यांचा रस घालायचा, नाही मिळाली तर चिंच किंवा आमसूल सढळ हाताने. आणि शिजवताना घाई नको, अर्धी कच्ची राहिली तर आंबट घालूनही खाजणार. भाजी विकणाऱ्या बाईने काकडंही आणलीत ना हे आयोजकांनी आधी बघायचं, आम्ही एकदा ते विसरलो होतो.

कडू लागली तर? भारंगीचा पाला आधी उकडून, पाणी पिळून टाकायचा. टाकळा कडू म्हणजे निबर घेतलात, फक्त कोवळी पानं खुडा, कांदा-लसूण-मिरचीवर परता, वरून ओलं खोबरं. फोडशीचा मुळाकडचा पांढरा भाग आणि कडक दांडा काढायचा आणि नीट धुवायची कारण पात्यांच्या बेचक्यात माती बसलेली असते, दाताखाली कचकच येते ती त्याचीच.

बांबूच्या कोंबांबद्दल मात्र कडक राहा. ते कच्चे खायचेच नाहीत, त्यात सायनाइड तयार करणारे घटक असतात. बारीक चिरून पाण्यात भिजत घालायचे, पाणी बदलायचं, उकडायचे आणि ते उकडलेलं पाणी फेकून द्यायचं, मगच फोडणी. कडू कंदाचंही तसंच, पाड्यावरच्या बायका ते ज्या पद्धतीने कडूपणा काढून खातात ती शिकल्याशिवाय शहरातल्या माणसाने घरी नेऊन प्रयोग करू नये, आम्ही ते फक्त शिजवलेलेच ठेवतो.

यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे तिथेच चूल मांडा. बाई करतेय, लोक बघतायत, पानात थोडीशी भाजी आणि नाचणीची नाहीतर तांदळाची भाकरी. ज्याने चव घेतली तो जुडी घेतोच. आणि करणाऱ्या बाईला स्वयंपाकाचे वेगळे पैसे द्या, "हौसेने करते" म्हणून फुकट करवून घेऊ नका.

मुलांना रानात नेऊन "तोडा हवं ते" म्हटलं

रानफेरी ठेवायची कल्पना फार सुंदर आहे, मुलं त्या एका तासात जे बघतात ते वर्षभर सांगतात. पण आमच्या पहिल्या फेरीत पन्नास माणसं एकदम गेली आणि परत आली तेव्हा प्रत्येकाच्या हातात मुळासकट उपटलेली फोडशी. ती सफेद मुसळीच्या कुळातली, खाली मुळं राहिली तर पुढच्या पावसात परत फुटते, उपटली तर संपलं. ज्या बाईचं घर त्या रानावर चालतं तिच्या तोंडचं आपण काढलं ते. आता आम्ही पंधराच्या वर माणसं नेत नाही, पुढे पाड्यावरची जाणती बाई आणि शेवटी एक कार्यकर्ता, आणि नियम एकच, बघायचं, वास घ्यायचा, वही असेल तर चित्र काढायचं, तोडायचं फक्त ताईंनी.

याच दिवसांत कळलावी पण फुलते, लाल-पिवळी, ज्वाळेसारखी, पोरांचा हात आधी तिच्याकडेच जातो. ती सगळी विषारी आहे आणि कंद तर फारच. फेरी सुरू व्हायच्या आधी ती लांबून दाखवा. अळंबीच्या बाबतीत कोणी कितीही म्हणू दे की मोबाईलवर फोटो टाकून ओळखता येतं, अजिबात नको, रानातली अळंबी स्वतः तोडून कोणी घरी नेणार नाही हे आधीच बजावा. आणि रस्त्याकडेचा, रेल्वे रुळाशेजारचा किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरचा टाकळा दिसायला हिरवागार असतो पण तो घ्यायचा नाही.

लहान मुलांसाठी मंडपात पण काहीतरी ठेवा आणि ते चित्रकला स्पर्धेवर भागवू नका. आमच्याकडे एका जात्यापुढे सगळ्यात मोठी रांग असते, पोरं नाचणी दळतात आणि पीठ कागदात बांधून घरी नेतात. देशी बियांचं टेबल पण चालतं, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात बियाणं जपून बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्यांची गोष्ट मुलांना सांगून हातात वालाचे चार दाणे दिले की मुलं ते खरंच पेरतात, महिन्याने आईवडील फोटो पाठवतात. फक्त बियांच्या पुड्यांवर वाणाचं नाव आणि गाव त्याच वेळी लिहा, नंतर लिहू म्हटलं की सगळ्या पुड्या सारख्याच दिसतात.

बाकी पटापट

पावसाळा आहे हे गृहीत धरा, चिखलावर भाताचा पेंढा किंवा फळ्या टाका, म्हाताऱ्या माणसांना चालता आलं पाहिजे. बायकांच्या स्टॉलवर पत्रा नाहीतर पक्की ताडपत्री, व्हीआयपी खुर्च्यांवर मंडप आणि भाजीवर पाऊस हे मी डोळ्यांनी बघितलंय. स्वच्छतागृह, प्यायचं पाणी, तान्ह्या बाळाला पाजायला एक आडोसा, हे सुरुवातीच्या यादीत लिहा. चकचकीत प्लास्टिक लावलेल्या पत्रावळी आणू नका, २०१८ पासून राज्यात प्लास्टिकबंदी आहे हे एक आणि पळसाच्या खऱ्या पत्रावळी लावणाऱ्या बायका तिथेच पाड्यावर आहेत हे दुसरं. शिजवलेलं विकणार असाल तर अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणीचं आधीच विचारून घ्या. स्पीकर ठेवा पण गाणी लावू नका, गिऱ्हाईक आणि बाई यांचं बोलणं ऐकू यायला हवं, भाजी कशी करायची हे तिथेच तर कळतं.

भाषणं १५ मिनिटांच्या वर नकोत. आणि सत्कार करायचाच असेल तर भर विक्रीच्या वेळी बायकांना स्टेजवर बोलवू नका, आमच्याकडे एकदा सकाळी ११ ला सगळ्या जणी शाल घ्यायला रांगेत उभ्या होत्या आणि इकडे गिऱ्हाईक रिकाम्या स्टॉलपुढे थांबून निघून गेलं. आता आम्ही सत्कार संध्याकाळी पाट्या रिकाम्या झाल्यावर करतो, शालीऐवजी चांगली छत्री देतो, आणि तिथेच बसून चहा घेताना पुढच्या वर्षी शेवळांसाठी जूनमध्ये कधी यायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घेतो.