एजंटला स्लाइड दिसत नाही: टूलचं डॉक्युमेंटेशन लिहायला बसण्याआधी

एआय एजंटला (स्वतः टूल चालवून काम करणाऱ्या एआयला) प्रेझेंटेशनमधला मजकूर बदलू देणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन तुमच्याकडे आलं असेल, तर आधीच सांगते: हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. फंक्शनं मोजकी असतात. स्लाइड वाचा, मजकूर शोधा, बदला, सेव्ह करा. त्यामुळे चटकन उरकेल असं वाटतं आणि तिथेच गाडी अडते. मार्कडाउन, एपीआय, जेसन स्कीमा तुम्हाला येतं असं धरून पुढे जाते.

नेहमीचं डॉक्युमेंटेशन माणूस वाचतो. एखादं वाक्य कळलं नाही तर तो टूल चालवून बघतो, कुणाला तरी विचारतो, फाइल उघडून खात्री करतो. एजंटच्या हाती टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरची माहिती एवढंच असतं. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एआयला बाहेरची टूलं जोडायची ठरलेली पद्धत) नोव्हेंबर २०२४ मध्ये आला आणि अशी टूलं जोडणं सोपं झालं, पण तिथेही मॉडेलपर्यंत पोचतं ते तुम्ही लिहिलेलं वर्णनच. तुम्ही मोघम लिहिलंत तर उरलेलं एजंट आपल्या मनाने भरतो, आणि अगदी ठामपणे भरतो.

आता मला सगळ्यात जास्त छळलेली गोष्ट. ही सावकाश वाचा.

पीपीटीएक्स, म्हणजे पॉवरपॉइंटची फाइल, हा झिप केलेल्या एक्सएमएल फाइलींचा संच असतो. त्यात मजकूर परिच्छेदांत असतो आणि परिच्छेद रनमध्ये विभागलेला असतो. रन म्हणजे एकसारखे गुणधर्म असलेला सलग तुकडा. पडद्यावर तुम्हाला ‘तिमाही विक्री २०२५’ अशी एकच ओळ दिसते. फाइलमध्ये मात्र ‘तिमाही ’ हा एक रन, ‘विक्री’ दुसरा आणि ‘ २०२५’ तिसरा असू शकतो. कुणी मध्येच कीबोर्डची भाषा बदलली की रनवरची भाषेची खूण बदलते आणि नवा रन सुरू होतो. स्पेलचेकने एखादा शब्द चुकीचा ठरवला, तर तेवढ्या शब्दाचाही वेगळा रन होऊ शकतो. फॉन्ट तोच, रंग तोच. डोळ्यांना शिवण कुठेच दिसत नाही.

एजंट वाचणारं फंक्शन वापरतो. ते रन जोडून पूर्ण ओळ देतं. मग तो तीच ओळ शोधून बदलायला सांगतो. बदलणारं फंक्शन एकेका रनमध्ये शोधत असेल, तर त्याला ती सापडत नाही. टूल काहीच न बदलता ‘यशस्वी’ असं उत्तर देतं. एजंट वापरणाऱ्याला सांगतो, ‘शीर्षक बदललं आहे.’ फाइल होती तशीच राहते, आणि कुठेही एरर येत नाही.

उलट बाजूही तितकीच वाईट. पायथन-पीपीटीएक्समध्ये (पायथनमधून अशा फाइली वाचणारी-लिहिणारी लायब्ररी) टेक्स्ट फ्रेमला, म्हणजे मजकुराच्या चौकटीला, थेट नवा मजकूर दिला की तो बदलतो खरा, पण जुने रन निघून जातात. ठळक केलेला शब्द, लिंक, रंग सगळं त्यांच्यासोबत जातं.

म्हणून ‘दिलेला मजकूर शोधून बदलतो’ एवढं वर्णन लिहून थांबू नका. असं लिहा: ‘जुळणी एका परिच्छेदाच्या आत होते आणि रनच्या सीमा ओलांडते. नव्या मजकुराला जुळलेल्या पहिल्या रनचं फॉरमॅटिंग मिळतं. किती ठिकाणी बदल झाला तो आकडा परत येतो. ० आला तर फाइल बदललेली नाही. स्लाइड पुन्हा वाचा.’ तुमचं टूल वेगळं वागत असेल तर जसं वागतं तसं लिहा. आणि ते आकडाच देत नसेल, तर डेव्हलपरकडे जाऊन कोड बदलून घ्या. ‘हे आतलं आहे, डॉक्युमेंटेशनमध्ये नको’ असं ऐकावं लागेल. ऐकून घ्या, पण मागे हटू नका.

बाकीच्या गोष्टी भरभर सांगते. स्लाइड क्रमांक ० पासून मोजता की १ पासून, ते प्रत्येक पॅरामीटरजवळ पुन्हा लिहा. स्लाइडचा आयडी वेगळा असतो; पीपीटीएक्समध्ये तो २५६ किंवा त्याहून मोठा असतो आणि क्रमाशी त्याचा संबंध नाही. गूगल स्लाइड्सच्या एपीआयमध्ये मजकुरातली जागा यूटीएफ-१६ एककांत (संगणक मजकूर साठवतो ते तुकडे) मोजतात आणि त्यात वेलांटी, हलन्त वेगळे धरले जातात, म्हणजे ‘स्त्री’ची लांबी ६ भरते. स्मार्टआर्टमधला (पॉवरपॉइंटच्या तयार आकृत्यांमधला) मजकूर स्लाइडच्या एक्सएमएलमध्ये नसतो, वेगळ्या भागात असतो; टूल तिथे पोचत नसेल तर स्पष्ट लिहा. नवा मजकूर लांब असेल तर तो चौकटीबाहेर जाऊ शकतो, कारण अक्षर किती लहान करायचं हा हिशेब पॉवरपॉइंट करतं, पायथन-पीपीटीएक्ससारखी फाइल लिहिणारी लायब्ररी आपणहून करत नाही.

एवढं वाचून धास्तावू नका. हे सगळं पहिल्या दिवशी कुणालाच माहीत नसतं. एक पीपीटीएक्स घेऊन ती झिपसारखी उघडा आणि एका स्लाइडचं एक्सएमएल शांतपणे वाचा. निम्मी भीती तिथेच जाते.

कोड देऊन एआयकडूनच सगळं डॉक्युमेंटेशन लिहून घेण्याचा शॉर्टकट मला पटत नाही. भाषा गुळगुळीत येते, पण फंक्शनच्या नावात जे आहे तेच वाक्यात परत येतं. बिघडलं तर काय होतं, हे त्यातून सहसा सुटतं, आणि एजंटला नेमकं तेच हवं असतं. मेंटॉरबद्दलही माझं मत पक्कं आहे. व्याकरण तपासून देणारे पुष्कळ भेटतात. तुमचं पान समोर ठेवून, तुम्हाला एकही प्रश्न न विचारता टूल चालवून बघणारा माणूस मिळाला, तर त्याला सोडू नका.

तो नसेल तर ही चाचणी स्वतः करा. मुद्दाम तुटक रन असलेली एक फाइल बनवा. नव्या सेशनमध्ये एजंटला फक्त तुमचं वर्णन आणि ती फाइल द्या आणि एक शीर्षक बदलायला सांगा. त्याने शेवटी काय सांगितलं ते नंतर बघा. आधी त्याने कोणत्या क्रमाने कोणते कॉल केले, ० आल्यावर काय केलं ते लॉगमध्ये वाचा. जिथे तो अडखळला, तिथलं वाक्य बदला आणि पुन्हा नवं सेशन उघडा. जुन्याच सेशनमध्ये विचारू नका, त्याला आधीचं सगळं आठवत असतं.