रशियन ठिगळकाम शिकायचंय? आधी चीट ओळखा

इव्हानोव्होला आलात आणि सुईदोऱ्याची आवड असेल, तर घाईनं नवं कापड विकत घेऊ नका. मॉस्कोच्या ईशान्येचं हे शहर चिटांवर, म्हणजे छापील सुती कापडावर, वाढलेलं. इथे कापड मीटरवर मिळतं, तसं किलोवरही मिळतं. कारखान्यांतून उरलेल्या तुकड्यांना 'वेसवोय लोस्कुत' म्हणतात, म्हणजे वजनावरचे तुकडे. जरा मोठे, लांबी मोजून विकतात ते 'मेर्नी लोस्कुत'. मी इथे वस्त्ररचना शिकायला आले आणि वर्गाइतकीच या तुकड्यांच्या दुकानांत रमले. पिशवीत हात घालण्याआधी मात्र दोन कापडं बोटांना ओळखू यायला हवीत. 'सितेत्स' म्हणजे पातळ, मऊ चीट. 'ब्याझ' तिच्याहून जाड आणि घट्ट. एकाच चौकटीत दोन्ही जोडलीत, तर पातळ कापड जाडाच्या शेजारी सुरकुतत राहतं.

गोधडीच्या घरात वाढलेल्याला हे काम ओळखीचं वाटतं, पण जीव वेगळ्या ठिकाणी आहे. आपण जुन्या साड्यांचे थर घालतो आणि धावदोऱ्यानं सगळं एकजीव करतो. गोधडी टाक्यावर टिकते. रशियन 'लोस्कुत्नोये अदियालो'त, म्हणजे ठिगळांच्या रजईत, सगळी मेहनत वरच्या पानाच्या जोडणीत. आत लोकर किंवा कापूस, खाली अस्तर, आणि तिन्ही थर कित्येकदा नुसत्या गाठी मारून धरलेले.

याचं कारण कापडाच्या पन्ह्यात आहे. खेड्यातल्या हातमागावरच्या तागाचा पन्हा जेमतेम 35 ते 40 सेंटिमीटर. सदरे सरळ आयतांत कापायचे, त्यामुळे कतरण फारशी उरतच नसे. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात कारखान्याची स्वस्त, रुंद चीट गावोगावी पोहोचली, अंगाबरोबर बसणारे कपडे शिवले जाऊ लागले आणि कोपरे, पट्ट्या उरू लागल्या. हे रंगीत तुकडे टाकवेनात. ठिगळांची रजई मुलीच्या रुखवतात गेली, बाळाच्या पाळण्यात गेली. त्यामुळे 'हजार वर्षांची प्राचीन कला' असं कुणी सांगितलं तर हसून चहा प्या. ठिगळ लावणं जुनंच, पण आज आपण पाहतो ती रजई कारखान्याच्या भोंग्याबरोबर आलेली आहे. दिमित्री बुरिलिन या कारखानदाराच्या वाड्यात चिटांचं संग्रहालय आहे, तिथे आधी जा. ट्रॅक्टर आणि विमानं छापलेली सोव्हिएत काळातली चीटही पाहायला मिळेल.

शिकायला 'दोम कुल्तुरी'तला 'क्रुझोक' शोधा, म्हणजे संस्कृतिभवनातला छंदवर्ग. बाहेरचे बूट दारात बदलायचे. शिकवणाऱ्या बाईंना आजी, मावशी म्हणून जवळीक साधायला जाऊ नका. त्यांचं नाव आणि जोडून वडिलांच्या नावावरून आलेलं नाव, अशी हाक मारायची आणि 'वी' म्हणजे अहो-जाहो करायचं. एवढं पाळलं की मोडकी रशियन खपते. बाकी सगळं हातानं दाखवतात.

पहिल्यांदा 'कलोदेत्स', म्हणजे विहीर, हा नमुना घ्या. मध्ये लहान चौकोन, त्याभोवती एकामागून एक पट्ट्या; दोन बाजू उजळ, दोन गडद. सोपा वाटतो, पण माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली कड, दर पट्टीला थोडीशी जरी हलली, तरी शेवटी चौकोन तिरका होतो. पाऊण सेंटिमीटर माया धरा आणि ती शेवटपर्यंत सोडू नका. पट्टी उभ्या धाग्यातच कापा. उरेब, म्हणजे तिरकी, कापलेली ताणते. चीट आधी गरम पाण्यात धुऊन आटवून घ्या, हलकी खळ द्या, मग कापा. लाल रंगावर तर कधीच विश्वास ठेवू नका: ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा, नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळी रजई गुलाबी. प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री. इथल्या बायका मशीनपेक्षा इस्त्रीजवळ जास्त वेळ उभ्या असतात, आणि नवखे कंटाळतात ते इथेच.

'रुस्की क्वाद्रात' त्यानंतर. त्यात पट्ट्यांचा एक फेरा सरळ आणि पुढचा कोपऱ्यांवरून तिरका जातो. हात बसल्याशिवाय त्याच्या नादी लागू नका. त्याऐवजी 'उगल्की' करा. आयत घडी घालून त्रिकोण करायचा, त्रिकोणांच्या ओळी जुन्या जाड कापडावर शिवायच्या, पुढची ओळ मागचीच्या कच्च्या कडा झाकते. बसकर म्हणून वर्षानुवर्षं टिकतं, आणि माया चुकली तरी कुणाला दिसत नाही.

जुन्या बाजारात हातभर लांबीची, ठिगळांची चौकोनी गादी दिसली, तर भांडं ठेवायचं बस्कर समजून घेऊ नका. तो 'पदरूच्निक' असू शकतो. रशियन चर्चच्या 17व्या शतकातल्या धर्मसुधारणा न मानणारे 'स्तारोओब्र्याद्त्सी' प्रार्थनेत जमिनीवर डोकं टेकताना हात त्यावर ठेवतात, म्हणजे तळवे स्वच्छ राहतात. वापरणारी माणसं आजही आहेत. नमुना उतरवून घ्यायचा असेल तर विचारून घ्या, आणि त्याची उशी शिवू नका.

उन्हाळ्याच्या सुट्टीत जमलं तर उत्तरेला अर्खान्गेल्स्कजवळ 'मालिये कोरेली' या उघड्यावरच्या संग्रहालयात जा. लाकडी घरांच्या जमिनीवर चिंध्यांच्या पट्ट्या विणून केलेले 'पलविकी' अंथरलेले असतात. तुमच्या पिशवीतले सर्वांत अरुंद, कशातच न बसणारे तुकडे तिथेच कामी येतात, म्हणून ते आधी फेकू नका.