अ‍ॅप अपडेट आपोआप होऊ देत, पण डेटा सांभाळून

'डेटा लवकर संपतोय' म्हणून बेळगावातल्या एखाद्या मोबाईल शॉपीत फोन दिला, की काउंटरवरचा पोरगा बऱ्याचदा प्ले स्टोअर उघडतो आणि अपडेट बंद करून टाकतो. गिऱ्हाईक खूष. काही महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत येतं, कारण पैसे पाठवायचं अ‍ॅप 'आधी अपडेट करा' म्हणून अडून बसलेलं असतं, आणि तेही नेमकं पेट्रोल पंपावर, मागं चार गाड्या हॉर्न वाजवत असताना.

सरसकट बंद करणं हा उपाय मला पटत नाही. अपडेट म्हणजे नुसती नवी रंगरंगोटी नसते. मे 2019 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपमधली एक चूक उघडकीला आली होती. समोरच्यानं फक्त कॉल लावायचा, तुम्ही उचलला नाही तरी फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसू शकत होतं. त्यावर वापरणाऱ्याच्या हातात एकच इलाज होता, नवं व्हर्जन घेणं. ज्यांचं अपडेट चालू होतं, त्यातल्या बऱ्याच जणांना असं काही घडलं हेही कळलं नसेल. म्हणून अपडेट चालू ठेवायचं, फक्त ते कधी आणि कुणाच्या डेटावर व्हायचं हे आपण ठरवायचं.

अँड्रॉइडवर मुख्य सेटिंग

प्ले स्टोअर उघडा. वर उजव्या कोपऱ्यात गोलात तुमचा फोटो किंवा नावाचं पहिलं अक्षर दिसेल, त्यावर टॅप करा. तिथून 'सेटिंग्ज', मग 'नेटवर्क प्रेफरन्सेस', मग 'ऑटो-अपडेट अ‍ॅप्स'. इथं कोणत्याही नेटवर्कवर, फक्त वाय-फायवर, आणि अपडेट नकोच, असे पर्याय येतात. काही फोनवर मर्यादित मोबाईल डेटा वापरू देणारा पर्यायही असतो. घरी ब्रॉडबँड असेल तर 'फक्त वाय-फाय' निवडा आणि बाहेर या. फोन मराठीत असेल तर शब्द थोडे वेगळे दिसतील. दुकानातूनच कन्नडमध्ये लावून दिलेला फोन असेल आणि वाचायला अडचण येत असेल, तरी गोल कोपऱ्यातच असतो आणि सेटिंगचं दातेरी चाकही तेच असतं.

हे केलं की लगेच काही होत नाही, आणि इथंच लोक पुन्हा पुन्हा फोन उघडून बघत बसतात. प्ले स्टोअर अपडेटसाठी मोका बघतो. फोन वाय-फायला जोडलेला हवा, चार्जिंगला लावलेला हवा, कुणी वापरत नसावं आणि ते अ‍ॅप समोर उघडं नसावं. म्हणजे रात्री झोपताना फोन चार्जरला लावून बाजूला ठेवला की काम होतं. उशाशी घेऊन मध्यरात्रीपर्यंत रील बघत असाल आणि सकाळी चार्जिंगला लावून तिथंच बसून पुन्हा तेच करत असाल, तर त्याला मोका मिळणार कधी? गावाकडं रात्री वीज गेली आणि त्याबरोबर राउटरही बंद पडला, तर त्या रात्रीचं राहिलं. दुसऱ्या रात्री होईल. त्यात बिघडत काही नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. अपडेट म्हणजे दर वेळी अख्खं अ‍ॅप नव्यानं उतरवणं नव्हे. जुन्या आणि नव्यातला फरक तेवढाच उतरतो. गूगलनं 2016 मध्ये ही पद्धत आणखी सुधारली तेव्हा असं अपडेट पूर्ण अ‍ॅपच्या मानानं सरासरी 65 टक्क्यांनी लहान होतं, असं त्यांनीच सांगितलं होतं. तो फरक जोडून घ्यायला फोनला जास्त ताकद लागते, म्हणून सुरुवातीला त्यांनी ही सोय फक्त आपोआप होणाऱ्या अपडेटपुरती ठेवली होती. कारण तेव्हा फोन रिकामा असतो.

हॉटस्पॉट, सगळ्यात मोठी गळती

'फक्त वाय-फाय' लावूनही डेटा गेला अशी तक्रार आली, की मी पहिला प्रश्न हाच विचारतो. खानापूरकडच्या एका मामांशी झालेलं बोलणं साधारण असं:

"मामा, कुणाच्या हॉटस्पॉटवर लावलासा फोन?"

"पोरग्याच्या. सुट्टीला आलाय न्हवं पुण्याहून. त्याच्याकडं रोजचं दोन जीबी असतंय की."

"आणि रात्री तसाच चार्जिंगला?"

"व्हय तर."

मामांच्या फोनला तो हॉटस्पॉट म्हणजे वाय-फायच वाटला. चार्जिंग आहे, कुणी हात लावत नाही, झालं, साठलेली सगळी अपडेट पोराच्या पॅकवर उतरली. अँड्रॉइडच्या हॉटस्पॉटला अँड्रॉइडच फोन जोडला तर हा डेटा मोजका आहे हे बऱ्याचदा फोनला आपसूक कळतं. पण दर वेळी कळेलच याचा भरवसा धरू नका, आणि सिम घातलेल्या छोट्या राउटरच्या बाबतीत तर मुळीच नको.

त्यावर उपाय सोपा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फायच्या यादीत त्या हॉटस्पॉटच्या नावाशेजारी चाकाचं चिन्ह असतं. त्यात 'नेटवर्क युसेज' किंवा 'मीटर्ड' असा शब्द सापडेल. तिथं 'ट्रीट अ‍ॅज मीटर्ड' निवडा. आयफोनवर नावाशेजारच्या 'आय'च्या गोलावर टॅप करून 'लो डेटा मोड' चालू करा. त्यानंतर हा डेटा जपून वापरायचा आहे हे फोन लक्षात ठेवतो आणि अपडेटसाठी त्याला हात लावत नाही. प्रत्येक हॉटस्पॉटसाठी हे एकदाच करावं लागतं. पण पोरानं हॉटस्पॉटचं नाव बदललं तर पुन्हा.

घरी वाय-फाय नसेल तर

जांबोटी, कणकुंबीकडं किंवा खानापूर तालुक्याच्या आतल्या गावांत ब्रॉडबँडची वाट बघण्यात अर्थ नाही. तिथं रेंज मिळाली तरी पुष्कळ. अशा वेळी आपोआप अपडेट 'फक्त वाय-फाय'वरच राहू दे, आणि आठवड्यातून एखाद्या रात्री हातानं अपडेट करा. रोज दीड-दोन जीबी देणाऱ्या बहुतेक पॅकचा उरलेला डेटा मध्यरात्री वाया जातो. तो वापरायचा. रात्री दहा-साडेदहाला दिवसाचा डेटा किती उरलाय ते बघा. प्ले स्टोअरमध्ये तोच गोल, मग 'मॅनेज अ‍ॅप्स अँड डिव्हाइस', मग 'अपडेट्स अव्हेलेबल'. शेजारच्या तपशिलावर टॅप केलं की प्रत्येक अ‍ॅपसमोर किती एमबी लागणार ते दिसतं. 'अपडेट ऑल' दाबायची घाई करू नका. आधी बँकेचं, यूपीआयचं आणि व्हॉट्सअ‍ॅप घ्या, मग ब्राउझर. उरलं तर बाकीचं. गेम सगळ्यात शेवटी, कारण खादाड तेच असतात.

बँकेच्या अ‍ॅपबाबत आमच्या भागासाठी एक खास सूचना. काही बँकांची अ‍ॅप मोठ्या अपडेटनंतर पुन्हा नोंदणी मागतात आणि त्यासाठी तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवतात. रेंज नसलेल्या जागी ते तिथंच लटकतं. चोर्ला घाटानं गोव्याला जायच्या आदल्या रात्री अपडेट झालं असेल, तर घर सोडायच्या आधी अ‍ॅप एकदा उघडून, शिल्लक बघून घ्या. घाटात चहाचे पैसे द्यायच्या वेळी हे सुचून उपयोग नाही.

एखादंच अ‍ॅप थांबवायचं असेल तर

गेमचं अपडेट नको, किंवा दुकानाच्या बिलिंगचं अ‍ॅप महिनाअखेरीला बदलायला नको, हे समजण्यासारखं आहे. प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपचं पान उघडा, वर कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर टॅप करा आणि 'एनेबल ऑटो अपडेट' समोरची टिक काढा. बाकी सगळं चालू राहतं. बँक, यूपीआय आणि ब्राउझरची ही टिक मात्र काढू नका. गंभीर सुरक्षेचा प्रश्न असला तर तुमची सेटिंग काहीही असली तरी अपडेट करण्याचा हक्क गूगलनं आपल्या अटींत राखून ठेवला आहे, हेही माहीत असू द्या.

फोनमध्ये अ‍ॅपचं दुसरं दुकान आहे का तेही बघा. सॅमसंगवर गॅलेक्सी स्टोअर असतं, शाओमीवर इंडस अ‍ॅपस्टोअर किंवा जुन्या फोनवर गेटअ‍ॅप्स. प्ले स्टोअरमध्ये तुम्ही काहीही लावलं तरी या दुकानांना त्याचा पत्ता नसतो. त्यांच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन तिथंही 'फक्त वाय-फाय' लावावं लागतं.

आयफोन आणि आयपॅड

सेटिंग्जमध्ये जाऊन 'अ‍ॅप स्टोअर' शोधा. आयओएस 18 पासून ते 'अ‍ॅप्स' या गटाच्या आत गेलं आहे. 'ऑटोमॅटिक डाउनलोड्स'खाली 'अ‍ॅप अपडेट्स' चालू ठेवा. त्याच पानावर मोबाईल डेटाखाली आणखी एक 'ऑटोमॅटिक डाउनलोड्स' आहे, ते बंद ठेवा. तिथंच 200 एमबीपेक्षा मोठं अ‍ॅप उतरवताना विचारायचं का, हेही ठरवता येतं. एकट्या अ‍ॅपचं अपडेट थांबवायची सोय इथं नाही. हातानं करायचं तर अ‍ॅप स्टोअर उघडून वरच्या फोटोवर टॅप करा आणि खाली सरका.

टॅबचं वेगळं काही नाही, पण फोनवर लावलेली सेटिंग टॅबला लागू होत नाही. तिथं पुन्हा सगळं करावं लागतं. घरातला टॅब बहुधा पोरांच्या अभ्यासाचा, सुट्टीत कपाटात पडून बॅटरी उतरलेला. शाळा सुरू व्हायच्या आधी एक रात्र वाय-फायवर चार्जिंगला ठेवा, नाहीतर पहिल्याच ऑनलाइन तासाला ढीगभर अपडेट एकदम सुरू होतील.

तरीही होत नसेल तर

आधी जागा बघा. बहुतेक वेळा 'गुड मॉर्निंग'चे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओच आड येतात. जागा आहे आणि तरी एखादं अपडेट शेजाऱ्याच्या फोनवर आलं, तुमच्याकडं नाही, तर एक-दोन दिवस थांबा. कंपन्या नवं व्हर्जन सगळ्यांना एकाच दिवशी देत नाहीत, टप्प्याटप्प्यानं सोडतात. फोनच जुना असेल तर मात्र मार्ग संपतो. ऑक्टोबर 2023 पासून व्हॉट्सअ‍ॅपला किमान अँड्रॉइड 5 लागतं, मे 2025 पासून आयफोनवर किमान आयओएस 15.1. तिथं सेटिंग बदलून काही होत नाही.

शेतकऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्याकडं काहींची थोडी जमीन बेळगाव तालुक्यात आणि थोडी चंदगडला असते, म्हणजे पिकाची नोंद दोन राज्यांत. कर्नाटकात शेतकऱ्यानं स्वतः करायच्या पीक सर्वेक्षणाची अ‍ॅप हंगाम आणि वर्ष नावात घालून येतात. महाराष्ट्रात ई-पीक पाहणीचं डीसीएस (डिजिटल क्रॉप सर्व्हे) अ‍ॅप आलं, तेव्हा जुनं काढून ते नव्यानं घ्यावं लागलं. नाव बदलून आलेलं अ‍ॅप आपोआप अपडेटमधून मिळत नाही, कारण स्टोअरच्या लेखी ते दुसरंच अ‍ॅप असतं. त्यामुळं हंगाम सुरू झाला की प्ले स्टोअरमध्ये जाऊन नवं अ‍ॅप आलंय का ते शोधा, आणि खाली बनवणाऱ्याचं नाव सरकारी खात्याचं आहे ना ते वाचा.

आणि ते स्टोअरमध्येच शोधा, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही. वाहनाचं चलन, बँकेची केवायसी, पीएम किसानचा हप्ता अशी नावं देऊन एपीके, म्हणजे स्टोअरबाहेरून थेट अ‍ॅप घालायच्या फाईली फिरत असतात, 'नवीन अपडेट, लगेच घाला' म्हणून. मराठीतही येतात, कन्नडमध्येही, आणि ओळखीच्याच नंबरावरून येतात, कारण त्या माणसाचा फोन आधीच हातातून गेलेला असतो. बँक असो की सरकारी खातं, खरं अपडेट अशी फाईल पाठवून येत नाही. फाईल उघडताना फोननं 'अननोन अ‍ॅप्स'ची परवानगी मागितली तर नाही म्हणा आणि फाईल पुसून टाका. घातली गेलीच असेल तर आधी डेटा आणि वाय-फाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवा. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.