जाळीच्या विणकामात चूक सापडली? उसवण्याआधी मोजा

ठाण्यात स्वेटर घालावा अशी थंडी फारशी पडत नाही, पण ऑफिसच्या एसीत खांद्यावर काहीतरी हवंच असतं. म्हणून इथे विणणाऱ्यांनी जाळीचा सुती श्रग जरूर करून पाहावा. अडचण एकच. साध्या विणीत लपून जाणारी चूक जाळीत लगेच डोळ्यांत भरते.

मी पहिला श्रग नौपाड्यातल्या घरी जून महिन्यात सुरू केला. पाठीच्या २४ सुया (विणलेल्या एका ओळीलाही सुईच म्हणतात) झाल्या आणि लक्षात आलं की एक लाट शेजारच्या लाटेवर सरकली आहे. सगळं उसवायला घेतलं, तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. "थांब गं, उसवू नकोस. कुठं चुकलंय ते आधी मोज." मोजलं, तर १९व्या सुईवर एक जाळीचा टाका, म्हणजे दोरा पुढे घेऊन छिद्र पाडणारा टाका, राहिला होता. बाकी विणकाम ठीक होतं. तेव्हापासून मी ज्या क्रमाने काम करते, तो पुढे देते आहे.

नमुना असा निवडा की चूक मोजता येईल

पहिल्या कपड्याला ‘ओल्ड शेल’ हा लाटांचा नमुना घ्या. तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलँड बेटांवरचा. चार सुयांपैकी तीन साध्याच असतात, म्हणून तो शिकायला फार चांगला. पहिली सुई सुलट, दुसरी उलट, चौथी पुन्हा सुलट. जाळी फक्त तिसऱ्या सुईवर येते: दोन टाके एकत्र तीन वेळा, मग ‘दोरा पुढे घेऊन एक सुलट’ सहा वेळा, पुन्हा दोन टाके एकत्र तीन वेळा. इथे सहा टाके कमी होतात आणि दोरा पुढे घेतल्याने सहा वाढतात. म्हणजे १८ टाक्यांची लाट १८चीच राहते. जाळीचं सगळं गणित या बरोबरीत आहे, आणि ती एकदा मनात बसली की नमुन्याचा कागद सारखा बघावा लागत नाही.

पाठीसाठी पाच लाटांचे ९० आणि कडेला दोन-दोन, असे ९४ टाके मी घातले. सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या. आधी दोन लाटांचा तुकडा विणून धुवा, वाळवा आणि मगच माप घ्या. सुताला लोकरीसारखी लवचीक ओढ नसते, ते स्वतःच्या वजनाने लांबतं. न धुतलेल्या तुकड्यावर माप ठरवलं तर श्रग गुडघ्याकडे निघतो.

दर १८ टाक्यांना खूण, दर चौथ्या सुईला मोजणी

प्रत्येक लाटेनंतर रंगीत दोऱ्याची छोटी कडी सुईत अडकवा. चौथी सुई विणताना दोन कड्यांमधले टाके मोजा. १७ भरले तर दोरा पुढे घ्यायचा राहिला, १९ भरले तर तो जास्त घेतला गेला किंवा दोन टाके एकत्र करायचे राहिले. पूर्ण सुईचे ९४ मोजत बसू नका, त्याने चूक आहे एवढंच कळतं, कुठे आहे ते नाही.

त्याच सुईवर सापडली तर

राहिलेला जाळीचा टाका उसवल्याशिवाय आणता येतो. तो जिथे हवा होता तिथे दोन टाक्यांमध्ये एक आडवा धागा दिसेल. डाव्या सुईच्या टोकाने तो समोरून मागे असा उचला आणि पुढच्या बाजूनेच विणा. मागच्या बाजूने विणला तर पीळ पडून छिद्र बुजतं. हे छिद्र सुरुवातीला जरा लहान दिसेल, धुऊन ताणल्यावर बरंच मोकळं होतं. एकत्र करायचे टाके राहिले असतील तर ते चौथ्या सुईवर एकत्र विणा. तिथल्या उंचवट्यात ते लपतात.

टाका सुईवरून निसटला तर ओढू नका. आधी त्यात सेफ्टी पिन अडकवा, मग क्रोशाच्या सुईने एकेक आडवा धागा वर घ्या.

बऱ्याच सुया खाली असेल तर

चुकलेल्या जाळीच्या सुईखालची साधी सुई शोधा. माझी १८वी होती. १२ नंबरची बारीक सुई त्या ओळीतल्या प्रत्येक टाक्याच्या उजव्या पायातून ओवत न्या, ९४ भरल्याची खात्री करा आणि मगच वरचं उसवा. उसवण त्या सुईपाशी येऊन थांबते, एकही टाका सुटत नाही. मला ओवायला पाऊण तास लागला, पण १८ सुया वाचल्या.

हे टाळायचं तर चार सुयांचा नमुना तीनदा झाला की, साध्या सुईवर, बोथट सुईने गडद रंगाचा गुळगुळीत दोरा सगळ्या टाक्यांतून घालून ठेवा. खुणेच्या कड्यांतून मात्र तो जाऊ देऊ नका. जांभळी नाक्याच्या बाजारातलं शिवणाचं साधं रीळ पुरतं. रंग पक्का आहे का ते आधी ओलं करून पाहा, माझ्या एका पांढऱ्या तुकड्यावर लाल रेघ कायमची उमटली.

शेवटचे टाके आणि धुणं

टाके बंद करताना एका नंबराने जाड, म्हणजे ७ नंबरची सुई घ्या, नाहीतर कड आखडते आणि लाटांची टोकं उघडत नाहीत. मग पंधरा-वीस मिनिटं साध्या पाण्यात भिजवा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. चटईवर अंथरून प्रत्येक लाटेच्या टोकाला न गंजणारी टाचणी लावा. ठाण्याच्या जुलैत पंख्याखालीही मला दोन दिवस लागले. पूर्ण सुकेपर्यंत टाचण्या काढू नका.

शिवताना आधी खांदे, मग काखेखालची बाजू. दोन्ही भागांच्या लाटा समोरासमोर टाचून घ्या. पुढच्या भागातही माझा दोरा पुढे घ्यायचा एकदा राहिला होता, पण तो चौथ्या सुईवर, १७ मोजतानाच सापडला. डाव्या खांद्याखालचं ते छिद्र शेजारच्यापेक्षा किंचित लहान आहे. काकूंना दाखवलं, तर त्यांना ते चष्मा लावूनही सापडलं नाही.