टायमिंग बेल्ट तुटला? हेड खोलण्याआधी हे तपासा

चालती गाडी एकदम बंद पडली आणि सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, एकसुरी गरगरतंय, तर पहिला संशय टायमिंग बेल्टचा. हा दातेरी पट्टा क्रँकच्या (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) जोरावर कॅम (व्हॉल्व्ह उघड-मिट करणारा दांडा) फिरवतो. एरवी सेल्फ मारताना कॉम्प्रेशनचे ठोके जाणवतात. कॅम फिरायचा थांबला की ते ठोके जातात. हा आवाज आला की किल्ली काढून घ्या. पुन्हा सेल्फ नको आणि धक्का स्टार्ट तर मुळीच नको. बऱ्याच इंजिनांत, विशेषतः डिझेलमध्ये, उघडा राहिलेला व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकमेकांवर आपटतात. वाचलेला व्हॉल्व्हही अशा एका प्रयत्नात वाकू शकतो. गाडी टो करून न्या.

आधी गाडीला बेल्ट आहे की चेन, हे बघा. जुनी सँट्रो, झेन, इंडिका डिझेल, डस्टर डिझेल यांना बेल्ट. के-सिरीज वॅगन-आर आणि स्विफ्ट डिझेलला चेन. पुढची कृती चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाची आहे. डिझेलमध्ये डिझेल पंपाची पुलीही मार्कवर (जुळवणीच्या खुणेवर) बसवावी लागते आणि बऱ्याच इंजिनांना पुल्या जागेवर अडकवून धरणाऱ्या लॉकिंग पिना लागतात. त्या नसतील तर ते काम गॅरेजवरच सोपवा.

खात्री करा

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि टायमिंगचं वरचं कव्हर खोला. बेल्ट तुटलेला दिसला तर प्रश्नच मिटला. अखंड दिसला तरी खालच्या क्रँक पुलीपाशी त्याचे दाते सोललेले असू शकतात. क्रँकच्या बोल्टला रॅचेट लावून अगदी थोडं फिरवा. कॅमची पुली हलली नाही तर दाते गेलेत.

कशामुळे तुटला?

घाईघाईत हाच प्रश्न राहून जातो आणि नवा बेल्टही लवकर जातो. बेल्ट नुसता जुना होऊनही तुटतो, पण त्याच्यावर तेल किंवा कूलंट आलंय का ते बघाच. तेल असेल तर बहुधा कॅम किंवा क्रँकचं सील गळतंय. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) हाताने फिरवा. खरखर आली किंवा जाम वाटलं तर बेअरिंग संपलंय. वॉटर पंप याच बेल्टवर चालत असेल तर तोही फिरवून बघा. माझ्या मते बेल्टसोबत टेन्शनर, आयडलर आणि असा पंप एकदमच बदलावा, कारण नाहीतर खोलायची मजुरी पुन्हा जाते.

बेल्ट बसवा

गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. पुढचं चाक, अल्टरनेटरचा बेल्ट, क्रँक पुली आणि खालचं कव्हर काढा. वाटेत इंजिन माउंटिंग आलं तर ते काढण्याआधी ऑइल पॅनखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा आधार द्या. स्पार्क प्लगही काढून ठेवा, म्हणजे क्रँक हाताने सहज फिरतो.

आता सगळ्यात नाजूक भाग. क्रँक सरळ मार्कवर आणू नका. मार्कच्या पाव फेरा अलीकडे थांबवा. तिथे चारही पिस्टन सिलिंडरच्या मध्यावर असतात, त्यामुळे कॅम फिरवताना व्हॉल्व्ह आपटत नाहीत. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका. कॅम किंचित हलवून वाट मोकळी करा. मग कॅम त्याच्या मार्कवर आणा आणि शेवटी क्रँक.

नव्या बेल्टवरचा बाण फिरण्याच्या दिशेने ठेवा. बेल्ट दुमडू नका, स्क्रूड्रायव्हरने चढवू नका. क्रँकपासून सुरुवात करून ताठ बाजू आधी ओढून घ्या. ढील टेन्शनरच्या बाजूला राहिली पाहिजे. टेन्शनर मॅन्युअलप्रमाणे आवळा. मग क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, म्हणून दोन्ही मार्क पुन्हा जुळायलाच हवेत. एक दाता जरी चुकला तरी बेल्ट काढून परत बसवा.

व्हॉल्व्ह वाकलेत का?

गॅरेजवाला लगेच "हेड खोलावं लागेल" म्हणाला (हेड म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग), तर आधी ही चाचणी करून मागा. एका सिलिंडरचा पिस्टन वर आणि त्याचे सगळे व्हॉल्व्ह मिटलेले अशा स्थितीत प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा कमी दाबाने सोडा. त्याआधी बोल्टवरचा रॅचेट काढा, कारण हवेने क्रँक झटक्यात फिरतो. हवा इनटेककडे फुसफुसली तर इनलेट व्हॉल्व्ह वाकलाय, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट. प्रत्येक सिलिंडर असाच तपासा.

ठळक गळती असेल तर हेड उतरवणं आलंच: वाकलेले व्हॉल्व्ह, त्यांची सीलं आणि हेड गॅस्केट बदला, व्हॉल्व्ह गाइड तपासून घ्या. पिस्टनवर फक्त पुसटशी खूण असेल तर सहसा चालतं; तडा असेल तर नाही.

गळती नसेल तर कव्हर, पुली, माउंटिंग आणि प्लग परत बसवा. क्रँक पुलीचा बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरलेला जोर मोजून आवळायचा पाना) आवळा, पंप बदलला असेल तर कूलंट भरा आणि इंजिन चालू करा. आयडलिंगला थरथर किंवा स्कॅनरवर पी0016 कोड (क्रँक आणि कॅम जुळत नसल्याचा) आला तर लगेच बंद करून मार्क पुन्हा बघा. सगळं ठीक असेल तर बेल्ट बदलल्याची तारीख आणि किलोमीटर कव्हरवर मार्करने लिहून ठेवा. पुढची मुदत मॅन्युअलमधून बघा, किलोमीटर आणि वर्षं यांपैकी जे आधी भरेल ते धरा.