मोहफुलाचा हंगाम: झाडाखाली आग लावू नका, जाळी बांधा

होळीच्या सुमारास गडचिरोलीत मोह गळू लागतो. धानोरा, एटापल्ली, भामरागडकडच्या गोंड-माडिया घरांत मग काही आठवडे हेच मुख्य काम असते. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची पद्धत आहे. ती आता सोडाच. पाल्याबरोबर मोहाची कोवळी रोपेही जळतात, आणि वणवा पसरला तर हाती काहीच राहत नाही.

पाला खराट्याने झाडून घेऱ्याबाहेर काढा, खताच्या खड्ड्यात टाका. झाडाखाली शेडनेट किंवा एकमेकींना शिवलेल्या जुन्या साड्या बांबूच्या खुंटांना कमरेइतक्या उंचीवर बांधा, मधे थोडा झोळ ठेवा. फुलांना माती-खडे लागत नाहीत. व्यापारी भाव पाडतो तो बहुधा याच कचऱ्यावर बोट ठेवून.

जाळीचा खरा फायदा जिवाचा आहे. मोह पहाटे गळतो आणि अस्वलही त्याच वेळी येते. जमिनीवरची फुले गुरे खातील या घाईने माणसे अंधारात निघतात. जाळी असली की उजाडेपर्यंत थांबता येते. तरी एकटे जाऊ नका, हाका मारत जा. फांद्या झोडपू नका. तयार फूल आपोआप सुटते, देठावर उरलेल्या गाभ्याचेच पुढे फळ होते. झोडपले तर तेलाची टोळी, म्हणजे मोहाची बी, गेली.

ऊन चढायच्या आत फुले घरी आणा. टोपलीत दाबून ठेवली की दुपारपर्यंत आंबूस वास येतो आणि ती काळी पडतात. मांडवावर चटई टाकून एकाच थरात पसरा. पहिल्या दिवशी उलथू नका, रसाळ फूल चिरडते. अवकाळीचे ढग दिसले की लगेच झाका. चार-पाच दिवसांनी मूठभर फुले घट्ट दाबून सोडा: सुटी झाली तर वाळली, गोळा राहिला तर अजून एक ऊन द्या. चार-पाच किलो ओल्या फुलांचा जेमतेम किलो होतो.

तापलेली फुले लगेच पोत्यात भरू नका, आत घाम सुटून बुरशी येते. रात्री निवू द्या, प्लास्टिकच्या अस्तराच्या पोत्यात भरा, तोंड घट्ट बांधा, भिंतीपासून दूर फळीवर ठेवा. चैत्रात स्वस्तात विकलेला मोह पावसाळ्यात महाग विकत घ्यावा लागतो, म्हणून घरापुरता आधी बाजूला काढा. उरलेला ग्रामसभेने एकत्र तोलून विकावा. 2006 च्या वनहक्क कायद्याने मोहासारख्या गौण वनोपजाची मालकी तुम्हाला दिली आहे.